काकांचा तिसरा देश

घर भाड्यानं द्यायचं असेल तर लोक खिडक्या दाखवतात, कपाटं दाखवतात. काकांनी मला भिंती वाजवून दाखवल्या.

दोन हजार दोनचा मार्च असेल. मी अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनला नवीनच आले होते. ऑफिसमधल्या कुणीतरी सांगितलं, एक मराठी गृहस्थ घराचं बेसमेंट देतायत, जरा विचित्र आहेत पण बायको चांगली आहे. मी गेले. काकांनी नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. स्वेटरच्या खिशातून वीतभर लांबीचा हातोडा काढला आणि भिंतीवर टकटक करत पुढे निघाले.

"ऐक. खणखणीत आहे. ही पण. आता ही ऐक." खिडकीखालच्या भिंतीवर त्यांनी दोनदा मारलं. "बद्द वाजून राहिली ना? आतून पोकळ आहे. इथं पलंग नको लावू, ओल येते. नंतर म्हणशील, काकांनी सांगितलं नाही."

मी बेसमेंट घेतलं. काका अमरावतीकडचे. शिकायला म्हणून आले ते अडतीस साली आल्यासारखे जुने वाटायचे, पण आले होते अडुसष्ट साली. इथं तीस वर्षं त्यांनी पूल तपासायची सरकारी नोकरी केली. पुलाखाली जायचं, काँक्रीटवर हातोडा मारायचा आणि कान द्यायचा. आतून सुटलेलं काँक्रीट बाहेरून अगदी धडधाकट दिसतं, पण आवाजात सापडतं, असं ते सांगायचे. नोकरी संपली तरी हात थांबला नव्हता. कलिंगड वाजवायचे ते समजण्यासारखं होतं. पण ते हॉटेलचं टेबल बसण्याआधी वाजवायचे, गाडीचं बॉनेट वाजवायचे, डॉक्टरच्या वेटिंग रूममधली कुंडी वाजवायचे. आमच्या मराठी ग्रुपमधल्या एकानं नवीन घर घेतलं आणि वास्तुशांतीला काकांना बोलावलं. सत्यनारायणाची कथा तिसऱ्या अध्यायात होती आणि जिन्याखालून टकटक येत होती. कथा संपल्यावर सगळ्यांसमोर काका यजमानांना म्हणाले, "बिल्डरला बोलाव. प्रसाद नंतर दे." यजमान वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. वर्षानं जिन्याखालची फरशी तडकली, मग बोलायला लागला.

दुसरी सवय फॉर्मची. अमेरिकेतल्या प्रत्येक सरकारी फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हा भरायला सरासरी इतकी मिनिटं लागतात. माझ्या आयुष्यात ती ओळ वाचणारा हा एकच माणूस मी पाहिला. काका स्टॉपवॉच लावून फॉर्म भरायचे. जास्त वेळ लागला तर त्या खात्याला पत्र लिहायचे: आपण पंचवीस मिनिटं म्हणता, मला सत्तेचाळीस लागली, त्यांपैकी नऊ मिनिटं प्रश्न क्रमांक अमुकचा अर्थ लावण्यात गेली. क्वचित उत्तरंही यायची.

"काका, कशाला हे?" मी एकदा विचारलं.

"त्यांना खरं कळायला नको? सगळे खोटं सांगतात, मग ते तसंच छापतात."

रोझकाकू हे ऐकून माझ्याकडे बघून डोळे मिटायच्या. रोझकाकू म्हणजे त्यांची बायको. पेन्सिल्व्हेनियातल्या एका कोळशाच्या खाणींच्या गावातली बाई, आज्याच्या काळात इटलीतून आलेलं घराणं. एका उन्हाळ्यात काका तिथला पूल मोजायला गेले आणि तिच्या मावशीच्या घरी वरच्या मजल्यावर राहिले, एवढंच त्यांच्या लग्नाबद्दल मला माहीत आहे. शाळेच्या लायब्ररीत नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. आम्ही सगळे त्यांना रोझकाकू म्हणायचो आणि त्यांना ते एकच नाव वाटायचं. वाढदिवसाच्या कार्डावर सही करतानासुद्धा त्या 'रोझकाकू' असंच जोडून लिहायच्या. बोलायच्या इंग्रजीतच, पण काकांना गप्प करायचं असेल तेव्हा अस्सल मराठीत म्हणायच्या, "बस झालं."

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही पाचसहा जण त्यांच्याकडे जेवायला जमायचो. ते दिवस वाईट होते. कुणाचा प्रोजेक्ट गेलेला, कुणी काम नसल्यानं बेंचवर, कुणाच्या व्हिसाचे महिने भरत आलेले. जेवणात दुसरा विषय नसायचा. अशाच एका शुक्रवारी काकांनी जाहीर केलं, "आम्ही इटलीला जाऊन राहणार आहोत. रोझच्या आज्याच्या गावाला. तिथले नागरिक होणार."

सगळे हसले. नागपूरचा एक मुलगा होता, तो म्हणाला, "काय काका, यार! लोक तिथून इकडे येतात. तिथली इकॉनॉमी तर पूर्ण डाऊन आहे."

"आहे ना बाप्पा. त्या गावात तर काहीच नाही. सरकारनं एक कारखाना बांधला, तो उघडलाच नाही. पोस्ट आठवड्यातून दोन दिवस. शाळेत अकरा पोट्टे. तरणे सगळे उत्तरेला गेले, नाहीतर जर्मनीला."

"मग तुम्ही जाऊन काय करणार?"

"घरं रिकामी आहेत," काका म्हणाले, जणू हेच उत्तर होतं.

आम्ही इथे राहायला मिळावं म्हणून जीव टाकत होतो. माझं लेबर सर्टिफिकेशन, म्हणजे ग्रीन कार्डाची पहिली पायरी, नुकतंच फाईल झालं होतं. आणि ज्यांच्याकडे इथला पासपोर्ट, पेन्शन, घर सगळं होतं, ते मात्र हे सोडून एका बुडत्या गावाचे कागद मागत होते. मला तर थोडा रागच आला होता.

त्या रात्री भांडी विसळताना मी रोझकाकूंना विचारलं, "तुम्हाला जायचंय?"

"मी एकदा गेले आहे तिथं, त्याच्याबरोबर," त्या म्हणाल्या. "चढ फार आहेत. माझ्या बहिणीनं फ्लोरिडात घर घेतलंय, एकमजली. समोर पाणी."

"मग त्यांना सांगा ना."

त्यांनी मला पुसायला ताट दिलं आणि भलतंच सांगायला लागल्या. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरनंतरची गोष्ट. दोन इमारती पडून तीन आठवडे झाले होते. काका नेहमीसारखे एका उड्डाणपुलाखाली हातोडा मारत होते. तो पूल त्यांनी तीस वर्षांत निदान पंधरा वेळा तपासला होता. वरून जाणाऱ्या कुणीतरी फोन केला की एक सावळा माणूस पुलाखाली काहीतरी करतोय. पोलीस आले. अंगावर सरकारी जॅकेट होतं, खिशात ओळखपत्र होतं. तरी हात मागे बांधून त्यांना फुटपाथच्या कडेला बसवलं, ऑफिसातून खातरजमा होईपर्यंत दोन तास. डिसेंबरात त्यांनी निवृत्ती घेतली.

"मला त्यानं सांगितलं नाही," रोझकाकू म्हणाल्या. "त्याच्या ऑफिसमधल्या एका बाईनं सांगितलं."

मी एकदा धीर करून काकांजवळ तो विषय काढला. ते म्हणाले, "त्या पोलिसाचं काय चुकलं? हातोडा होता ना माझ्या हातात." आणि फॉर्म भरायला बसले.

तेव्हापासून मी धरून चालले की काका इथून जातायत ते त्या दोन तासांमुळे. आमच्यातले सगळेच तसं समजत होते.

इटलीचा नियम असा होता की रोझकाकूंचा आजा जर मुलगा झाल्यानंतर अमेरिकन झाला असेल, तर तो मुलगा जन्मानं इटालियन, आणि म्हणून त्याची मुलगी रोझसुद्धा. ती इटालियन ठरली की मग नवरा म्हणून काकांना अर्ज करता येणार. आज्यानं अमेरिकन कागद घेतले तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. इथपर्यंत ठीक होतं. पण आजा तीन नावांनी जगला होता. गावच्या वहीत साल्वातोरे, खाणीच्या कागदांत सॅम, लग्नाच्या दाखल्यात सॅल, आणि आडनावाचं शेवटचं अक्षर अटलांटिक ओलांडताना कुठंतरी पडून गेलेलं. हे तिन्ही एकच माणूस आहेत हे सिद्ध करायला दीड वर्ष गेलं. पेन्सिल्व्हेनियातल्या कोर्टात काका वकील न करता स्वतः उभे राहिले. रोझकाकूंनी नंतर सांगितलं, न्यायाधीश यायच्या आधी त्यांनी साक्षीदाराचा कठडा वाजवून पाहिला आणि कारकुनाला म्हणाले, "हा बदला."

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात रोझकाकूंचा इटालियन पासपोर्ट आला. त्यांनी तो एकदा उघडला, फोटो बघून "डोळे बघ कसे आलेत" म्हणाल्या आणि स्वयंपाकघरातल्या खणात कात्रीशेजारी ठेवून दिला.

मग काकांची पाळी. त्यांना स्वतःचा जन्मदाखला हवा होता. अमरावतीतल्या पुतण्यानं तालुक्याला चार खेपा घालून वहीतली नोंद शोधली आणि नक्कल पाठवली. तिचं इंग्रजी भाषांतर करायचं काम माझ्याकडे आलं. मी कागद दोनदा वाचला.

"काका, यात तुमचं नाव नाहीये."

"काहून? बापाचं तर आहे."

"बापाचं आहे. पण मुलाच्या नावाचा रकाना रिकामा आहे. नुसतं 'पुत्र' लिहिलंय."

त्या काळी जन्माची खबर पाटील द्यायचा, बारसं नंतर व्हायचं, नाव कळवायला पुन्हा कोण जाणार? काकांनी तो कागद हातात घेतला आणि रिकाम्या रकान्यावर बोट टेकवलं. दोन देशांचे पासपोर्ट, एक मास्टर्स, तीस वर्षांची नोकरी, आणि मूळ वहीत नुसता 'पुत्र'. पुतण्यानं आणखी आठ महिने खेटे घातले, शाळेचा दाखला जोडला, गावातल्या दोन म्हाताऱ्यांचं प्रतिज्ञापत्र जोडलं. शेवटी नावासकट दाखला आला तेव्हा रोझकाकूंनी केक केला. त्यावर आयसिंगनं नाव लिहिलं. चौसष्टाव्या वर्षी बारसं झालं म्हणून आम्ही पोरांनी त्यांच्या कानात 'कुर्र' केलं. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांना असं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

अर्ज गेला. त्यानंतरची वर्षं म्हणजे नुसती वाट बघणं. शनिवारी दुपारी पोस्टाची गाडी येऊन गेली की काका वरून उतरायचे आणि मी खालच्या दारातून बाहेर यायचे. माझं लेबर कुठल्यातरी ढिगाऱ्यात अडकलं होतं, त्यांची फाईल रोममधल्या कुठल्यातरी टेबलावर. "आलं काही?" "नाही. तुमचं?" "नाही." एवढं बोलून आम्ही आपापल्या मजल्यावर परतायचो. माझ्या बहिणीचं लग्न झालं, मला जाता आलं नाही. बाबांचं ऑपरेशन झालं, जाऊन आले, पण व्हिसाच्या शिक्क्याच्या धाकानं दहा दिवसांत परतले. माणूस अशा वेळी थकतो म्हणजे नक्की काय होतं ते सांगता येत नाही. काम चालू असतं, जेवण चालू असतं. फक्त पुढच्या वर्षाबद्दल कुणी काही विचारलं की उत्तर द्यायचा कंटाळा येतो.

दोन हजार सहाच्या ऑगस्टमध्ये रोझकाकूंच्या पोटात दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर जे आकडे सांगत होते ते काकांनी वहीत लिहून घेतले आणि ती वही कधी उघडली नाही. ते दिवसभर घरात असायचे, पण केमोच्या खोलीत त्यांच्यानं बसवत नसे. उठून कॉरिडॉरमधल्या भिंती वाजवायचे आणि नर्सेस वैतागायच्या. म्हणून बुधवारी ऑफिसातून लवकर निघून मी काकूंना घेऊन जायला लागले.

एका बुधवारी परत येताना गाडीत त्या म्हणाल्या, "तुला वाटतं, त्याला कळत नाही. मी एक शब्द बोलले असते ना, नको म्हणून, तर त्यानं सगळं त्या दिवशी थांबवलं असतं. म्हणून मी बोलले नाही."

"का पण?"

"लग्नानंतरची पस्तीस वर्षं तो माझ्या देशात राहिला. माझ्या गावच्या चर्चची जत्रा, माझ्या बहिणीचा थँक्सगिव्हिंग, माझ्या भावाचे ते फालतू विनोद. कधी तक्रार केली नाही. मला थोडी वर्षं त्याच्या देशात राहायला काय होतं?"

"पण काकू, तो देश त्यांचा तरी कुठं आहे?"

त्या हसल्या. हसताना पोट धरावं लागलं. "मला माहीत आहे गं. त्याला माहीत नाही. तू सांगू नकोस."

फेब्रुवारीत त्या गेल्या. त्यांच्या इच्छेप्रमाणे पेन्सिल्व्हेनियात, त्याच कोळशाच्या गावात, आईवडिलांशेजारी त्यांना पुरलं. जमीन गोठलेली होती. काका थडग्याशी गुडघ्यावर बसले. मला वाटलं ते हातोडा काढतील. त्यांनी काढला नाही. हातमोजा काढला आणि उघडा तळवा मातीवर ठेवून बसून राहिले. शेवटी काकूंच्या बहिणीनं त्यांना उठवलं.

मे महिन्यात पत्र आलं. काकांचा अर्ज मंजूर झाला होता. वॉशिंग्टनला वकिलातीत येऊन शपथ घ्यावी, येताना लग्नाचा ताजा दाखला आणावा आणि सोबतच्या कागदावर सही करावी. सोबतचा कागद चार ओळींचा होता: माझा विवाह आजही अस्तित्वात आहे, असं मी जाहीर करतो.

शुक्रवारी जमणारे आता तिघंच उरलो होतो. नागपूरचा तो मुलगा म्हणाला, "काका, सही करून टाका. कोण बघायला येतंय? दाखला तर खरा आहे."

काकांनी त्याला जेवण वाढलं. तो गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना जे म्हणाले ते आज लिहायलाही जड जातंय. मी म्हणाले, "तसं पाहिलं तर तुमचं लग्न मोडलेलं नाहीच आहे, काका." मला तो युक्तिवाद तेव्हा फार सुंदर वाटला होता. पाच वर्षं मी त्या कागदांची भाषांतरं केली होती, त्या दाराशी उभी राहिले होते. कुणाचं तरी एक काम पूर्ण होताना मला बघायचं होतं.

जूनमध्ये मी सुट्टी काढली आणि त्यांना ड्राइव्ह करून घेऊन गेले. त्यांनी टाय लावला होता. खिडकीमागे पन्नाशीची एक बाई होती, चष्मा गळ्यात साखळीला अडकवलेला. तिनं त्यांचं नाव वाचलं, हसून अभिनंदन केलं आणि कागद मागितले. काकांनी फाईल उघडली. लग्नाचा दाखला दिला. रोझकाकूंचा पासपोर्ट दिला. आणि वर तिसरा एक कागद ठेवला. तो त्यांनी आणलाय हे मला माहीत नव्हतं. मृत्यूचा दाखला होता.

बाईनं चष्मा लावला. मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख पाहिली, मग फाईलमधल्या मंजुरीच्या कागदावरची. पुन्हा पहिली पाहिली.

"अकरा दिवस," ती हळूच म्हणाली. मंजुरीवर रोममध्ये सही झाली ती काकू गेल्यानंतर अकरा दिवसांनी.

ती आत गेली. एका साहेबाला घेऊन आली. साहेब अवघडून सांगायला लागला की कायद्याप्रमाणे मंजुरीच्या दिवशी पत्नी हयात असायला हवी, त्यांना फार वाईट वाटतं, पण.

"तुमचं बरोबर आहे," काका म्हणाले. "कलम मी वाचलं आहे."

बाईला राहवलं नाही. "मग तुम्ही इतक्या लांब आलात कशाला?"

"तिच्यासाठी आलो," काका म्हणाले. "ती तुमची नागरिक होती. तिच्या आज्याच्या गावच्या वहीत ती अजून जिवंत आहे. ते चुकीचं आहे. नोंद करायला कुठला फॉर्म लागतो?"

तिनं फॉर्म दिला. काकांनी तो तिथंच उभं राहून भरला. स्टॉपवॉच लावलं नाही. आडनाव लिहिताना शेवटचं अक्षर त्यांनी जरा दाबून लिहिलं. लग्नाबद्दलचा तो चार ओळींचा कागद सही न करताच परत दिला.

परतताना रस्ता तुंबला होता. गाडी हलत नव्हती. मी विचारलं, "काका, एवढं का हवं होतं तुम्हाला ते? पोलिसांच्या त्या प्रकरणामुळे?"

"छे. त्याच्या आधीचं आहे हे." ते समोर बघत बोलत होते. "रोझच्या आज्याचं घर शोधायला आम्ही गेलो होतो. ती चर्चमध्ये वह्या पाहून राहिली होती, मी बाहेर पायरीवर बसलो. एक म्हातारी आली, काळे कपडे, हातात कोंबडी. माझ्यापुढे उभी राहिली आणि काहीतरी विचारलं. मला काय समजते! मग रोझ बाहेर आली, तिला तिच्या आजीची भाषा थोडी येत होती. ती हसून म्हणाली, ही विचारतेय, तू कोणाचा? इथं बत्तीस वर्षं मला लोकांनी विचारलं, तू कुठला. दुकानात, ऑफिसात, तिच्या घरचे पण. कोणाचा, हे माझ्या गावानंतर कोणी विचारलं नव्हतं, पोरी. आमच्याकडे पाणवठ्यावर म्हाताऱ्या हेच विचारत, कोणाचा रे तू."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"मी रोझकडे बोट दाखवलं. म्हातारीनं मान हलवली, तिचं समाधान झालं. कोंबडी घेऊन गेली."

पुढची गाडी सरकली. मी ब्रेक सोडला.

"रोझला मात्र फ्लोरिडाला जायचं होतं," काका म्हणाले.

मी दचकले. "तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नसायला काय झालं? मला वाटलं, एकदा म्हणेल. एकदा जरी म्हणाली असती ना, तर मी सगळे कागद फाडून टाकले असते. मी वाट पाहून राहिलो आणि ती म्हणालीच नाही. मग मला वाटलं, तिलाही आवडलं असेल."

काकू गाडीत ज्या सीटवर बसून मला ते बोलल्या होत्या, त्याच सीटवर काका बसले होते. मी रस्त्यावर लक्ष ठेवलं. त्यांना सांगायला हवं होतं की नको, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी सांगितलं नाही.

घर विकायला निघालं तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं, आता ते अमरावतीला जातील, पुतण्याकडे. काका इटलीलाच गेले. पेन्शनवर जगणाऱ्या परदेशी म्हाताऱ्यांना तिथं राहायचा परवाना मिळतो, तो त्यांनी काढला. दहा वर्षं सलग राहिलं की मग नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, नवरा म्हणून नाही, स्वतःच्या नावावर.

"काका, तुम्ही सदुसष्ट वर्षांचे आहात. दहा वर्षं?"

"तुझ्या लेबरला किती झाली?"

"साडेपाच."

"मग?" असं म्हणून ते खोकी बांधायला लागले.

ऑक्टोबरात त्यांना विमानतळावर सोडलं. दोन बॅगा होत्या. एकीत रोझकाकूंचे हिवाळी कोट होते. ते कशाला, असं मी विचारलं नाही. आत जाताना ते थांबले. मला वाटलं काहीतरी सांगतील. ते म्हणाले, "नव्या जागेची बाथरूमची भिंत नीट पाहून घे," आणि गेले.

मी दुसऱ्या एका अपार्टमेंटमध्ये राहायला गेले. तिथं वरच्या मजल्यावर कोण राहतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. वर्ष गेलं. दोन हजार आठच्या शरदात बँका कोसळायला लागल्या, आमच्या मजल्यावरची निम्मी टेबलं रिकामी झाली, आणि त्याच आठवड्यात माझं ग्रीन कार्ड पोस्टानं आलं. मी पाकीट फोडलं. फोटो माझाच होता. जेवायला काय करावं असा विचार करत मी ते टेबलावर ठेवलं आणि तशीच बसून राहिले. मध्यरात्र उलटून गेल्यावर काकांचा नंबर लावला. तिथं सकाळ होती.

"मंदी?" ते ओरडून बोलत होते, लाईन खराब होती. "इथं तर बाप्पा कायमचीच मंदी आहे, त्यामुळे कोणाला समजलंच नाही. कारखाना बंदच होता, तो अजून बंद झाला." परवाना नव्यानं काढायला जिल्ह्याच्या गावी जावं लागतं, तिथं रांगेत बांगलादेशी, मोरोक्कन पोरं असतात, त्यांचे फॉर्म आपणच भरून देतो, असं म्हणाले. मग म्हणाले, "आणि एक गंमत सांगू? इथं मला सगळे काय म्हणतात माहीत आहे? अमेरिकन. चाळीस वर्षं तिथं राहिलो, एकानं म्हटलं नाही. इथं पोस्टमन म्हणतो, पाववाली म्हणते. आता 'तू कोणाचा' कोणी विचारत नाही. म्हातारी पण वारली."

"वाईट वाटतं?"

"वाटते कधीमधी. मग मी सांगतो आपणहून. रोझचा म्हणून. चर्चमध्ये गेलेल्यांसाठीच्या प्रार्थनेत तिचं नाव वाचलं त्यांनी, पूर्ण वाचलं, शेवटच्या अक्षरासकट." लाईन पुन्हा खरखरली. "पहिलं वर्ष झालं, पोरी. नऊ राहिली. तुझं काय?"

"माझं आलं, काका. कार्ड आलं. आज."

"वा! अभिनंदन!" ते खरंच आनंदले होते. मग नेहमीसारखे, फॉर्मवरचा पुढचा प्रश्न वाचावा तसे म्हणाले, "मग आता कुठं जाशील?"

सहा वर्षं मी इथं राहायला मिळावं म्हणून घालवली होती. कुठं जाणार, हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मला एकही गाव आठवेना.

पलीकडून चर्चची घंटा ऐकू आली, कुणीतरी काकांना हाक मारली, त्यांनी तिथल्या भाषेत काहीतरी उत्तर दिलं.

"सावकाश सांग," ते मला म्हणाले. "घाई नाही. मी इथंच आहे."